हृदयरोगाचा प्राध्यापक व्हायचं असेल तर: नीटपासून डीएमपर्यंत आणि त्याच्याही पुढे

कार्डिऑलॉजिस्ट म्हटलं की अँजिओप्लास्टी करणारे, मोठ्या खासगी रुग्णालयाच्या फलकावर नाव असलेले डॉक्टर डोळ्यांसमोर येतात. हा लेख त्यांच्यातल्याच एका लहान गटाबद्दल आहे. हे डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करतात. ओपीडी, वॉर्ड आणि कॅथ लॅब (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी घालून तपासण्या आणि उपचार करायची जागा) सांभाळतात, विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेशी उभं करून शिकवतात आणि रोज समोर येणाऱ्या आजारांबद्दल नवं काही शोधून ते लिहितात. रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामं एकाच माणसाला करायची असतात.

या वाटेवर प्रवेश परीक्षांची तयारी सगळेच जीव तोडून करतात. पण दोन गोष्टी राहून जातात. पहिली म्हणजे कागदपत्रं. त्यांच्यापायी हातातली जागा जाते. दुसरी म्हणजे संशोधनाची सवय. ती डीएम, म्हणजे एमडीनंतरची अतिविशेष पदवी, झाल्यावर लावून घ्यायला गेलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे. अकरावी-बारावीतल्या मुलामुलींनी आणि पालकांनी सुरुवातीपासून वाचावं. जे एमबीबीएसला पोहोचले आहेत त्यांनी सरळ तिथून सुरुवात केली तरी चालेल.

आधी काम समजून घ्या

1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. वकिलांनी केईएम रुग्णालयात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन पाहिली, रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि 50 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हतं, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांचं या मुळीकडे लक्ष गेलं. 1957 मध्ये वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण डॉ. एस. पद्मावतींचं. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांना ओळखतात. अमेरिकेत हेलन टॉसिग आणि पॉल डडली व्हाइट या नामवंत हृदयरोगतज्ज्ञांकडे शिकून त्या दिल्लीला आल्या आणि लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकवू लागल्या. हृदयाची उजवी बाजू थकलेल्या, धाप लागणाऱ्या बायका तिथे मोठ्या संख्येने येत. त्यातल्या बहुतेकींनी कधी विडी-सिगारेटला हात लावलेला नव्हता. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950च्या दशकात या आजाराचा संबंध चुलीच्या धुराशी जोडून दाखवला.

दोघांकडे महागडी यंत्रं नव्हती. गच्च भरलेली ओपीडी होती, नोंदवही होती आणि प्रश्न विचारायची सवय होती. आजही आपल्या सरकारी रुग्णालयांत असे प्रश्न पडलेले आहेत. भारतातल्या हृदयविकाराच्या झटक्यांवरचा ‘क्रिएट’ हा मोठा अभ्यास 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात 20 हजारांवर रुग्ण होते. या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला लागलेला वेळ पाहिला तर मध्यक (म्हणजे मधोमधचा आकडा) 6 तास निघाला. आता गडचिरोलीत, मेळघाटात किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात तो किती असेल आणि कुठल्या टप्प्यावर वाया जात असेल, याचं उत्तर तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या कुणीतरीच शोधायचं आहे.

आणखी एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या, कारण घरोघरी यात गोंधळ असतो. बायपास करणारे हृदयशल्यविशारद असतात. त्यांची वाट एमएस सर्जरी आणि मग एमसीएच अशी आहे. कार्डिऑलॉजिस्टची वाट एमडी आणि मग डीएम. तो छाती उघडत नाही, मनगटातल्या किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर घालून काम करतो.

वाट किती लांब आहे

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष, एमडी तीन वर्षं, डीएम तीन वर्षं. झाली साडेअकरा. बारावीनंतर एकही वर्ष वाया गेलं नाही तरी तिशी उजाडते. त्यात बंधपत्राची सेवा (शिक्षणानंतरची सक्तीची सेवा) आणि प्रवेश परीक्षेसाठी घेतलेला एखादा ड्रॉप धरला तर तेहेतीस-चौतीस. घरातल्या सगळ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा, विशेषतः ज्या घरात मोठ्या मुलाच्या किंवा मुलीच्या कमाईकडे डोळे लागलेले आहेत. एक दिलासा आहे. इंटर्नशिपपासून विद्यावेतन सुरू होतं आणि एमडीला लागल्यावर ते बऱ्यापैकी असतं. म्हणजे घरून पैसे मागवायची वर्षं खरं तर पाच-साडेपाचच आहेत.

पहिली पायरी: नीट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण व्हायला हवीत. कमाल वयाची अट आता नाही.

नीटची प्रश्नपत्रिका 720 गुणांची असते. 2025 पासून पुन्हा 180 प्रश्न, 180 मिनिटं आणि सगळे प्रश्न सक्तीचे अशी रचना आली. जीवशास्त्राचे 90 आणि भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी 45 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 गुण वजा. पेपर मराठीतूनही देता येतो, पण एकदा विचार करा. एमबीबीएसची सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि नीटचे चांगले सराव संचही बहुतेक इंग्रजीतच मिळतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी अकरावीपासूनच एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तकं वाचायला घ्यावीत. पहिले दोन महिने जड जातील, पण पुढची पाच वर्षं हलकी जातील.

अभ्यासाबद्दल लातूर पॅटर्नपासून राजस्थानातल्या कोटा शहरापर्यंत सल्ल्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे इथे फक्त एकच गोष्ट सांगते. एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न् ओळ करा आणि भौतिकशास्त्राला शेवटच्या महिन्यावर सोडू नका. सरकारी जागा हुकलेल्या मुलांशी बोलले की बहुतेकांचं गाडं भौतिकशास्त्रात अडलेलं दिसतं.

दुसरी पायरी: कागदपत्रं, आणि ती अकरावीतच

नीटचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. निकालानंतर स्वतंत्र नोंदणी करावी लागते, तीही दोन ठिकाणी. अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागा, सगळी अभिमत विद्यापीठं, एम्स आणि जिपमर यांचं समुपदेशन (जागावाटप) दिल्लीची एमसीसी ही केंद्रीय समिती करते. महाराष्ट्राच्या 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षाकडे असतात. दोन्हीकडे अर्ज करा. एकाचा अर्ज दुसरीकडे आपोआप जात नाही.

राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण, अशी अट असते. नोकरीनिमित्त बाहेर राहिलेल्या मराठी घरांची इथेच अडचण होते. वडील हैदराबादला, मुलगी दहावीपर्यंत तिकडे आणि अकरावीला पुण्याला, असं असेल तर अपवादांची कलमं आधी वाचा. केंद्र सरकारच्या किंवा संरक्षण दलातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, सगळ्यांना नाहीत. बेळगाव-निपाणीकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळ्या राखीव जागा असतात. डोंगरी भागासाठीही असतात. या जागा कमी असल्या तरी त्यांची माहिती नसल्यामुळेच अनेक जण अर्ज करत नाहीत.

सर्वांत जास्त जीव टांगणीला लावणारा कागद म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. वैधता जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून मिळते. तिला आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जुने महसुली उतारे, रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता असे पुरावे लागतात. अनुसूचित जमातींच्या प्रकरणांत तर फार वेळ जातो. अकरावी विज्ञानला प्रवेश घेतला की कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. तो त्याच वर्षी करा. निकालानंतर धावपळ सुरू केली तर चांगले गुण असूनही राखीव जागा सोडून खुल्या गटात उभं राहावं लागतं.

इतर मागासवर्गीयांनी नॉन-क्रीमी लेअरचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षी चालू मुदतीचं आहे ना, ते पाहावं. एमसीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग राज्याचा आहे, केंद्रात तो नाही. तिथे मराठा उमेदवारांनी निकषांत बसत असल्यास केंद्राचं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढावं. राज्यासाठी एक फाइल, केंद्रासाठी दुसरी. आणि प्रत्येक कागदावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर शेवटी, वडिलांच्या नावात एक ‘राव’ जास्त, एवढ्यावरूनही पडताळणीच्या टेबलावर अडवलं जातं. दुरुस्तीचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र बारावीच्या सुट्टीत करून ठेवा.

पैशांचंही इथेच बोलून घेऊ. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांचं शुल्क मध्यमवर्गीय घराला पेलण्यासारखं असतं. खासगी महाविद्यालयांचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते कित्येक पटींनी जास्त असतं. काही अभिमत विद्यापीठांत वर्षाचा आकडा 20 लाखांच्या पुढे जातो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि मुलींसाठी 2024-25 पासून आलेली शुल्कमाफी यांचे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर करायचे असतात. उत्पन्नाचा दाखला त्यासाठीही लागतो. अध्यापनात जायचं मनात असेल तर कोटीभर कर्ज काढून एमबीबीएस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढं कर्ज डोक्यावर असलेला माणूस महाविद्यालयाच्या पगारावर टिकत नाही, त्याला खासगी प्रॅक्टिसकडे वळावंच लागतं. त्यापेक्षा आणखी एक वर्ष नीट देणं परवडतं.

परदेशात एमबीबीएस करणार असाल तरी नीट उत्तीर्ण असावंच लागतं. 2021च्या नियमांनुसार किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत, तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप, परतल्यावर परवाना परीक्षा आणि मग इथे पुन्हा एक वर्षाची इंटर्नशिप, एवढं सगळं करावं लागतं. एजंटाच्या पत्रकात यातलं निम्मं नसतं.

कॉलेज निवडताना

पसंतीक्रम भरताना लोक शहराचं नाव आणि गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहतात. तुम्ही आणखी तीन गोष्टी पाहा. रुग्णालयात रोज किती रुग्ण येतात? एमडी मेडिसिन आणि कार्डिऑलॉजीचे विभाग आहेत का? आणि तिथले लोक काही लिहितात का? मुंबईतल्या केईएम-सेठ जीएस महाविद्यालयात 1955 पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक निघतं. ज्या संस्थेत नियतकालिक, चालू स्थितीतली नीतिसमिती (रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) आणि शोधनिबंध लिहिणारे शिक्षक आहेत, तिथे दुसऱ्या वर्षातल्या मुलालाही कुणीतरी वाट दाखवतं. जेजे, नायर, सायन, पुण्याचं बीजे, नागपूरचं जीएमसी इथे रुग्णांची संख्या प्रचंड असते. सेवाग्रामचं एमजीआयएमएस खेड्याशी जोडलेलं आहे आणि सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनासाठी फार चांगलं आहे. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नीटच्या गुणांवरून बोलावून पुढे वेगळी चाचणी आणि मुलाखत घेतात. तिथे सैन्यसेवेचं बंधन असतं, त्याची मनापासून तयारी असेल तरच जा.

पूर्वी राज्यात 70:30 असा विभागवार कोटा होता (70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना), तो 2020 मध्ये गेला. लातूर किंवा परभणीच्या मुलीला आता केईएमची जागा पुणेकराइतक्याच हक्काने मागता येते. पसंतीक्रम भरताना मराठवाडा-विदर्भातली काही घरं अजून जुन्या हिशेबाने चालतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एमबीबीएसची वर्षं: इथेच खरी सुरुवात

माझ्या मते संशोधक कार्डिऑलॉजिस्ट याच वर्षांत घडतो. पहिल्या वर्षी हृदयाचं शरीरक्रियाशास्त्र नीट समजून घ्या. प्रत्येक ठोक्याला दाब आणि आकारमान कसं बदलतं, झडपा कधी उघडतात आणि कधी मिटतात, हे ज्याला आकृती काढून सांगता येतं त्याला दहा वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कॅथचे आकडे वाचताना अडत नाही.

दुसऱ्या वर्षापासून आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अल्पमुदतीच्या विद्यार्थी संशोधन योजनेकडे लक्ष ठेवा. तिला सगळे एसटीएस म्हणतात. एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव लिहायचा, तो मंजूर झाला की सुमारे दोन महिने काम करायचं आणि अहवाल द्यायचा. विषय छोटा घ्या. ‘आमच्या ओपीडीत येणारे उच्च रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या का सोडतात’ हा प्रश्न एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. ‘हृदयविकाराची जनुकीय कारणं’ हा नाही. प्रस्ताव नामंजूर झाला तरी तो लिहिताना प्रश्न आखणं, नमुन्याचा आकार ठरवणं, नीतिसमितीचा अर्ज आणि मराठीतलं संमतिपत्र या चार गोष्टी हाताखालून जातात. संमतिपत्र मराठीत असं लिहावं की रुग्णाला ते वाचून खरंच कळेल. हे आपल्याकडे फार कमी लोक करतात आणि ते अतिशय मोलाचं काम आहे.

तिसऱ्या वर्षापासून मेडिसिनच्या वॉर्डात जास्तीत जास्त वेळ घालवा. आपल्या सरकारी वॉर्डांत संधिवाताच्या तापातून झालेले झडपांचे आजार अजून दिसतात. श्रीमंत देशांतल्या विद्यार्थ्यांना मायट्रल स्टेनोसिसचा (आकसलेल्या मायट्रल झडपेचा) आवाज पुस्तकातच भेटतो, तुम्हाला तो स्टेथोस्कोपमधून प्रत्यक्ष ऐकायला मिळेल. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येणाऱ्या पोरांशी बोला. मधले डोस का चुकतात, ते विचारा. एसटीच्या भाड्यापासून इंजेक्शनच्या दुखण्यापर्यंत कारणं ऐकायला मिळतील, आणि त्यातलं प्रत्येक कारण म्हणजे एक अभ्यास आहे.

संख्याशास्त्राची भीती काढून टाका. ‘पीएसएम’चा (सामाजिक वैद्यकाचा) विषय मुलं पाठ करून सोडून देतात. ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. इंटर्नशिपपर्यंत त्यात एक तक्ता वाचून साधी तुलना करता आली तरी तुम्ही बहुतेक रेसिडेंटांच्या (एमडी करणाऱ्या डॉक्टरांच्या) पुढे आहात.

इंटर्नशिप मात्र नीट-पीजीच्या अभ्यासात संपूर्ण बुडवू नका. कॅज्युअल्टीत ईसीजी काढायला आणि वाचायला शिका. एमबीबीएसनंतर सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना एका वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात केली तर छातीत दुखणारा रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत काय काय घडतं, ते आतून दिसतं.

एमडी मेडिसिन

नीट-पीजीची परीक्षा आजवर 200 प्रश्न आणि 800 गुण अशी होत आली आहे. एम्स, पीजीआय चंडीगड आणि जिपमर यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. डीएम कार्डिऑलॉजीला जायचं तर एमडी जनरल मेडिसिन हा राजमार्ग आहे. एमडी बालरोगावरूनही डीएमला जाता येतं, आणि जन्मजात हृदयदोषांमध्ये ज्यांना काम करायचं आहे त्यांनी तो विचार जरूर करावा. डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीच्या तोडीची पदवी) मेडिसिनही चालतं.

29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत राज्याच्या कोट्यातलं अधिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना मर्यादित प्राधान्य देता येतं. त्यामुळे एमडीसाठी राज्याबाहेरच्या चांगल्या संस्थांचाही विचार करा, आणि नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, दोन वर्षं आधी पास झालेल्या दादाच्या भरवशावर राहू नका.

मेडिसिनचा रेसिडेंट काय खस्ता खातो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिलं वर्ष वॉर्ड, रिपोर्ट आणि अपुरी झोप यांत जातं. पण पहिल्याच वर्षी प्रबंधाचा विषय ठरवावा लागतो, आणि इथे बहुतेक जण गाईड सांगेल तो विषय घेऊन मोकळे होतात. तुम्ही हृदयरोगाशी जोडलेला, तुमच्याच वॉर्डात वर्षभरात पुरेसे रुग्ण मिळतील असा विषय घेऊन गाईडकडे जा. नीतिसमितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाची नोंद घेऊ नका. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी झालेली हवी. नंतर केलेली नोंदणी चांगली नियतकालिकं ग्राह्य धरत नाहीत आणि दोन वर्षांचं काम कपाटात पडून राहतं.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2023च्या पदव्युत्तर नियमांत संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणंही. हे तीन महिने सुट्टीसारखे घालवू नका. जिल्हा रुग्णालयातली जुनी रजिस्टरं हा माहितीचा मोठा साठा आहे, आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

डीएम: जागा कमी, स्पर्धा देशभराची

नीट-एसएस ही एमडीनंतरची परीक्षा. तिच्यात मेडिसिन गटाच्या सगळ्यांना एकच पेपर असतो आणि पुढे रँकनुसार कार्डिऑलॉजी, गॅस्ट्रो, न्यूरो अशा शाखा मिळतात. म्हणजे फक्त हृदय वाचून चालत नाही, सगळं मेडिसिन पक्कं लागतं. या पातळीवर जातीनिहाय आरक्षण नाही आणि जागा देशभरासाठी खुल्या असतात. एम्ससारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची परीक्षा वेगळी होते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीआरएनबी कार्डिऑलॉजी हा दुसरा मार्ग. तोही तीन वर्षांचा आहे आणि बहुतेक करून मोठ्या खासगी रुग्णालयांत असतो.

महाराष्ट्रात केईएम, सायन, नायर आणि जेजे इथे डीएमचं शिक्षण जुनं आणि भक्कम आहे. बाहेर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा, बेंगळुरूची जयदेव, लखनऊची एसजीपीजीआय, वेल्लोरची सीएमसी, चंडीगडची पीजीआय ही नावं डोळ्यांसमोर ठेवा. संशोधनाकडे ओढा असेल तर श्री चित्राचा मी विशेष उल्लेख करेन. टीटीके-चित्रा ही देशी कृत्रिम झडप तिथेच तयार झाली, आणि सार्वजनिक आरोग्य शिकवणारं अच्युत मेनन केंद्र त्याच संस्थेत आहे. हृदयरोगतज्ज्ञ, अभियंते आणि साथरोगतज्ज्ञ एकाच छताखाली असणं आपल्याकडे दुर्मिळ आहे.

जागा निवडण्यापूर्वी तिथल्या सध्याच्या दोन-तीन रेसिडेंटांना फोन करा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना स्वतंत्रपणे अँजिओग्राफी करू देतात का? फुग्याने मायट्रल झडप रुंद करण्याच्या प्रक्रिया किती होतात? इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची (हृदयाच्या ठोक्यांच्या लयीची तपासणी करणारी) लॅब चालू आहे की नुसती आहे? लहान मुलांचा इको कोण शिकवतं? प्रबंधाचं काम छापून येतं का? आणि बंधपत्र किती वर्षांचं, दंड किती? बंधपत्राच्या अटी राज्यागणिक वेगळ्या असतात आणि एमबीबीएसपासून डीएमपर्यंत दंडाची रक्कम वाढत जाते. सही करण्याआधी ते पान वाचा.

डीएमची तीन वर्षं हाताला वळण लावण्याची असतात, तशीच उपविषय निवडण्याचीही. अँजिओप्लास्टीकडे सगळ्यांचा ओढा असतो. पण शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या दृष्टीने हार्ट फेल्युअर, गरोदरपणातले हृदयविकार, जन्मजात दोष घेऊन मोठी झालेली माणसं, संधिवाताचा हृदयविकार या क्षेत्रांत आपल्याकडे माणसांची कमतरता आहे. यातलं एक क्षेत्र धरलं तर पाच वर्षांत राज्यभरातले रुग्ण तुमच्याकडे पाठवले जाऊ लागतात, आणि त्यांच्या नोंदींतून पुढचं सगळं काम उभं राहतं.

नोकरी: सहाय्यक प्राध्यापक ते विभागप्रमुख

डीएमनंतर बंधपत्राची सेवा असेल तर ती वैद्यकीय महाविद्यालयातच मागा. अध्यापनाचा अनुभव तिथूनच मोजायला लागतो. त्याचं अनुभव प्रमाणपत्र निघतानाच हातात घ्या, पाच वर्षांनी मागायला जाऊ नका.

राज्य सरकारच्या महाविद्यालयांतली सहाय्यक प्राध्यापकाची नियमित पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. जाहिराती अनियमित येतात, मधल्या काळात कंत्राटी नेमणुका होतात. मुंबई महापालिकेची महाविद्यालयं आपली भरती वेगळी करतात. एम्स नागपूरची जाहिरात स्वतंत्र निघते. खासगी आणि अभिमत महाविद्यालयंही आहेतच. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा फेरी मारायची सवय लावून घ्या.

बढतीसाठी ठरावीक वर्षांचा अनुभव, मान्य सूचींतल्या नियतकालिकांत शोधनिबंध, वैद्यकीय अध्यापनाचा पायाभूत अभ्यासक्रम आणि संशोधनाचा अभ्यासक्रम लागतो. शोधनिबंधांच्या गरजेपोटी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला आहे. चार दिवसांत ‘स्वीकारला’ असा मेल आला तर समजून जा. अशा निबंधाने एकदा बढती मिळेलही, पण तुमचं नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला तो आयुष्यभर दिसत राहील. कार्डिऑलॉजिकल सोसायटीचं ‘इंडियन हार्ट जर्नल’ सुरुवातीला चांगलं. नकार आला तरी परीक्षकांच्या टिपणांतून शिकायला मिळतं.

निधीसाठी आयसीएमआरच्या योजना आहेत, तरुण डॉक्टर-संशोधकांसाठी इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. पण पहिल्या तीन वर्षांत मोठ्या निधीमागे धावण्यापेक्षा विभागात एक नोंदवही सुरू करा. दाखल होणाऱ्या प्रत्येक हार्ट अटॅकच्या रुग्णाची ठरावीक वीस-पंचवीस रकान्यांची नोंद, रेसिडेंट बदलले तरी न थांबणारी. दोन वर्षांनी हीच नोंदवही तुमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना विषय पुरवेल, आणि निधी मागायला जाताना दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

पैशांबद्दल आडपडदा नको. खासगी प्रॅक्टिसमधला तुमचाच बॅचमेट तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावेल. व्यवसायरोध भत्ता (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा) धरूनही तो फरक भरून निघत नाही. पगार चांगला आहे, घर नीट चालतं, पण तुलना करत बसलात तर मन लागणार नाही. लग्न ठरवतानाच जोडीदाराला हे सांगा. मुलींच्या बाबतीत एमडी आणि डीएमची वर्षं नेमकी लग्न-मुलांच्या वयाशी येऊन भिडतात. प्रसूती रजा घेतली तर प्रशिक्षणाचा कालावधी त्या प्रमाणात वाढतो, जागा जात नाही. कॅथ लॅबमधल्या किरणोत्साराची धास्ती घालून अनेकींना या शाखेपासून परावृत्त केलं जातं. शिशाचा एप्रन, डोझिमीटर (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारं उपकरण) आणि गरोदरपणात कामाची फेररचना यांसह हे काम सुरक्षितपणे करता येतं. इको, हार्ट फेल्युअर आणि बालहृदयरोग यांत तर कॅथ लॅबचा संबंधही कमी येतो.

परदेशी जायचं असेल तर दोन वेगळे रस्ते आहेत. एमबीबीएसनंतर अमेरिकेत जाणाऱ्यांना यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा, मग तीन वर्षं इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी आणि तीन वर्षं कार्डिऑलॉजीची फेलोशिप करावी लागते. इथला एमडी तिथे रेसिडेन्सीच्या जागी धरत नाहीत. इथेच डीएम करून नंतर कॅनडा, ब्रिटन किंवा युरोपात एक-दोन वर्षांची फेलोशिप करून परतणं हा दुसरा रस्ता, आणि अध्यापनात राहायचं असेल तर मला हा जास्त पटतो. त्यासाठी डीएमच्या दुसऱ्या वर्षीच पत्रव्यवहार सुरू करा. अर्जासोबत तीन शिफारसपत्रं, छापून आलेले निबंध आणि कुठली पद्धत शिकून परत आल्यावर कुठे वापरणार, हे सांगणारं एका पानाचं निवेदन तयार ठेवा. जाण्यापूर्वी संस्थेकडून अध्ययन रजेचा आदेश लेखी घ्या आणि त्यावरचा जावक क्रमांक आपल्याजवळ टिपून ठेवा.